बीपी उतरवायचं तर क्रम चुकवू नका: आधी वही, मग मीठ, मग बाकीचं

नागपुरात कोणाला बीपी निघालं की पुढचे पंधरा दिवस कसे जातात ते ठरलेलं असतं. सकाळी लवकीचा रस, उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या, साळ्याने आणून दिलेली सैंधव मिठाची थैली, आणि कॉलनीतल्या काकाजींबरोबर दोन दिवस फुटाळा तलावाला चक्कर. मग कुठेतरी मशीनवर हात ठेवला, आकडा १३६ आला, की गोळी बंद. महिन्याभराने पुन्हा १६०. "सगळं करून राहिलो ना भाऊ, पण फरकच नाही पडून राहिला!" औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाक्य पाठ झालं आहे.

यात मेहनतीची कमतरता नसते. सगळं एकदम सुरू होतं, मोजमाप कशाचंच नसतं, आणि ज्या गोष्टीने सगळ्यात लवकर फरक पडतो तिला, म्हणजे मिठाला, कोणी हात लावत नाही. म्हणून खाली उपायांपेक्षा क्रमावर जास्त लिहिलं आहे.

सुरुवातीआधी: कोणी थांबायचं

गरोदर स्त्रिया, किडनीचा आजार असलेले, आधी हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेलेले, यांनी पहिल्या दोन पायऱ्या कराव्यात आणि पुढचं डॉक्टरांना विचारूनच. आकडा १६०/१०० च्या वर राहत असेल तर "आधी जेवण सुधारतो, मग गोळीचं बघू" हा हिशेब चालत नाही. दोन्ही सोबत सुरू करावं लागतं.

इशारा: आकडा १८०/१२० किंवा त्याहून वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, अचानक कमी दिसणं किंवा भयंकर डोकेदुखी असेल तर लगेच १०८ ला फोन करा. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला तर आकडा कितीही असो, मशीन शोधत बसू नका. आकडा तेवढाच पण त्रास काहीच नाही, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आणि तरी तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शेजाऱ्याची गोळी फोडून जिभेखाली ठेवू नका. बीपी एकदम खाली आलं तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडतो, आणि त्यातून मोठं नुकसान होऊ शकतं.

पायरी १: मशीन आणि पट्टा

दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाची मशीन स्वस्त आणि सुटसुटीत, पण हात जरा खाली-वर झाला तरी आकडा बदलतो. घड्याळातल्या बीपीवर तर गोळीचा निर्णय अजिबात घेऊ नका.

मशीनपेक्षा पट्ट्याकडे जास्त लक्ष द्या, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं. शिंपी वापरतो तो टेप घ्या आणि खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. २२ ते ३२ सेंटिमीटर असेल तर मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा बहुधा चालतो. प्रत्येक पट्ट्यावर त्याचं माप छापलेलं असतं, ते बघून घ्या. घेर ३२ च्या वर असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवा. जाड दंडावर लहान पट्टा ओढून बांधला की आकडा खोटाच वर जातो, आणि माणूस नसलेल्या बीपीची काळजी करत बसतो.

नवं मशीन एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा. त्यांच्या मशीनसोबत ताडून बघा. पुढे वर्षातून एकदा हेच करा.

पायरी २: सात दिवसांची वही

दुकानात बीपी बघायला येणारा गडी साधारण असा येतो: स्कूटर स्टँडवर लावली, तीन पायऱ्या चढला, गालात खर्रा (सुपारी-चुन्यात घोटलेला तंबाखू), डाव्या हातात फोन सुरू, आणि उजव्या हाताची घट्ट बाही वर सरकवून तो हात काउंटरखाली लोंबत सोडला. पट्टा फुगत असतानाही त्याचं बोलणं सुरूच. तंबाखू, चालून येणं, बोलणं, आवळलेली बाही, खाली लोंबणारा हात, यातली प्रत्येक गोष्ट आकडा वाढवते. सगळ्या मिळून तर नॉर्मल माणसालाही पेशंट करतात. म्हणून घरीच मोजा, आणि असं मोजा:

१. अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, खर्रा, बिडी-सिगारेट, व्यायाम नाही.
२. लघवी करून या. भरलेल्या मूत्राशयाने आकडा वाढतो.
३. पाठ टेकेल अशा खुर्चीवर पाच मिनिटं नुसतं बसा. पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक नाहीत. सोफ्यावर लोळून नाही, पलंगाच्या काठावरही नाही.
४. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या पातळीत येईल. टेबल ठेंगणं असेल तर खाली उशी घ्या.
५. बोलू नका, टीव्ही बंद. एक मोजणी झाली की एक मिनिट थांबून दुसरी. दोन्ही लिहा.

सकाळी उठल्यावर तासाभरात, गोळी आणि नाश्त्याआधी दोन वेळा. संध्याकाळी जेवणाआधी दोन वेळा. असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, कारण त्या दिवशी नव्या मशीनची धास्ती असते. उरलेल्या चोवीस मोजण्यांची सरासरी काढा, वरच्या आकड्याची वेगळी, खालच्याची वेगळी. हाच तुमचा खरा आकडा.

घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर गेली तर बीपी आहे असं धरतात. दवाखान्यातली रेघ १४०/९० ची असते. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरची रेघ पाच अंकांनी खाली. काहींचं दवाखान्यात वर आणि घरी ठीक निघतं, काहींचं अगदी उलटं. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण तपासणीच्या दिवशी सगळं छान दिसतं.

तपासा: पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम. दोन्हींत वारंवार १० पेक्षा जास्त फरक दिसला तर डॉक्टरांना सांगा.

चूक: आवडला नाही म्हणून आकडा न लिहिणं, आणि मनासारखा येईपर्यंत मोजत राहणं. अशी वही नसलेलीच बरी.

पायरी ३: वही घेऊन डॉक्टरकडे

मशीन नसेल तर महापालिकेच्या शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजून मिळतं. मोठ्या तपासणीसाठी मेयो आणि मेडिकल ही सरकारी रुग्णालयं आहेतच. डॉक्टर साधारणपणे लघवी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी), पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करायला सांगतील. यातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुढच्या पायरीला लागणार आहे, ते टाळू नका.

सोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. हे मी मुद्दाम सांगतो. गुडघ्यासाठी रोज घेतली जाणारी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉईड, गर्भनिरोधक गोळ्या, या सगळ्यांनी बीपी वाढू शकतं. खोकल्यावर म्हणून महिनोन्‌महिने घेतलेला जेष्ठमधाचा काढासुद्धा वाढवतो. ॲसिडिटीवर पाण्यात फसफसणारी पूड घेता ना, त्यात सोडाच असतो, म्हणजे सोडियम. कित्येकांचं बीपी औषधांना दाद देत नाही ते गुडघ्याच्या गोळीमुळे. आणि ती गोळी आपण "बीपीची थोडीच आहे" म्हणून डॉक्टरांना सांगतच नाही.

गोळी सुरू असेल तर तिच्या वेळेत आणि मात्रेत पुढचे तीन महिने स्वतःहून काही बदलायचं नाही. बीपी फारसं जास्त नसेल आणि साखर, किडनी, हृदय ठीक असेल तर डॉक्टर कधीकधी गोळीआधी तीन महिने राहणीमान सुधारायला देतात. तो निर्णय त्यांचा.

पायरी ४: मीठ

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. आपल्याकडचं सरासरी खाणं ८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त. "आमच्या घरी कमीच असते मीठ" असं प्रत्येक घर सांगतं, म्हणून बोलणं सोडा आणि पुडा मोजा.

एक किलोचा नवा पुडा उघडला की त्यावर पेनाने तारीख टाका. संपला की दिवस मोजा. १००० ला घरातल्या माणसांनी भागा, मग दिवसांनी भागा. चार माणसांच्या घरात पुडा महिनाभर गेला तर माणशी ८.३ ग्रॅम झालं. लोणचं, पापड, शेव, बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही. बाहेरून ग्रॅमभर मीठ येतंच असं मानलं तर स्वयंपाकघराला माणशी ४ ग्रॅम उरतात. चौघांचा पुडा साधारण दोन महिने पुरला पाहिजे. लहान मूल असेल तर अर्धा माणूस धरा.

आता हे करायचं कसं? सासूने एक चिमूट, सुनेने एक चिमूट आणि चव बघणाऱ्याने वरून एक, असं मीठ तीन हातांनी पडत असतं. यावर मला पटलेला एकच उपाय म्हणजे दिवसाची डबी. मुलांच्या औषधासोबत पाच मिलीचा चमचा येतो तो घ्या. बारीक मिठाने सपाट भरला की त्यात साधारण ६ ग्रॅम मीठ मावतं. रोज सकाळी घरच्या सगळ्यांचं दिवसभराचं मीठ एका छोट्या डबीत मोजून काढा, आणि दिवसभर कोणीही स्वयंपाक करो, मीठ त्याच डबीतून. पहिला आठवडा कमी करू नका, नुसतं बघा किती लागतं. चौघांच्या घरात बहुधा पाच-साडेपाच चमचे निघतील. मग दर आठवड्याला अर्धा चमचा कमी, अडीच-तीन चमच्यांवर येईपर्यंत. संध्याकाळपर्यंत डबी रिकामी झाली तर चूक सकाळच्या भाजीत आहे हेही कळतं.

एकदम अर्धं करू नका. घरात भांडण होतं, चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मिठाचं भांडं परत येतं. हळूहळू उतरलं तर जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते आणि मग पूर्वीचीच भाजी खारट लागायला लागते.

कुठून कापायचं, त्याचाही क्रम आहे:

सगळ्यात आधी कणकेतलं आणि भाताच्या पाण्यातलं मीठ पूर्ण बंद. भाजी-वरणासोबत खाताना ते कळतही नाही. मग ताटातलं मीठ: कोशिंबीर, काकडी, पेरू, मठ्ठा यांवर वरून भुरभुरलेलं. मग लोणचं-पापड. विदर्भातल्या घरात उन्हाळ्यात पापड, कुरड्या, सांडगे, भरलेल्या वाळवणाच्या मिरच्या यांचे डबे भरतात. पापडात मिठाच्या जोडीला पापडखार असतो आणि तोही सोडियमच. टाकून द्या म्हणत नाही, यंदा करताना मीठ निम्मं घाला आणि ताटात रोजच्याऐवजी रविवारी वाढा. भाजीतलं मीठ सगळ्यात शेवटी कमी करा आणि ते घालाही शेवटी, गॅस बंद करताना. तेवढंच मीठ वरवर राहून जास्त जाणवतं.

चवीची जागा भरायला आपल्याकडे खूप आहे. लिंबू, चिंच, कैरी, अंबाडीची आंबट भाजी, भाजलेलं जिरं, लसूण, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर. जवसाची चटणी बिनमिठाची करून बघा, लसूण आणि तिखट नीट असलं तर मीठ आठवत नाही. ठेच्याचं मात्र सांभाळा. मिरची जितकी जहाल तितकं मीठ जास्त पडतं, हे ठेचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

बाहेरचं. तर्री-पोहे खाऊ नका असं नागपूरकराला सांगून उपयोग नाही. पण मीठ मुख्यतः तर्रीत आणि वरच्या शेव-चिवड्यात असतं. तर्री दोन चमचे घ्या, दुसऱ्यांदा मागू नका, शेव नको म्हणा. सावजीला, म्हणजे आपल्या झणझणीत रश्श्याच्या जेवणाला, बसलात तर पीस खा, रस्सा वाटीतच राहू द्या. रस्सा भाकरीत कुस्करून वाटी पुसून काढली की दिवसाचं मीठ एका बैठकीत संपलं. पाटवडीच्या रश्श्यालाही हाच नियम.

पुड्यातल्या वस्तूंवर मागे १०० ग्रॅममध्ये सोडियम किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. ६०० च्या वरचं पाकीट खारट, १२० च्या खालचं चांगलं. चव गोड असली म्हणून सोडियम नाही असं समजू नका. बिस्किटं आणि ब्रेडचे पुडे एकदा उलटून बघाच.

इशारा: सैंधव आणि काळं मीठही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे. रंग बदलला, काम तेच. बाजारात "लो सोडियम" मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. त्याने बीपी खरंच कमी होतं, पण किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्यांपैकी काही सुरू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून विचारल्याशिवाय आणू नका.

तपासा: मीठ उतरून तीन-चार आठवडे झाले की पुन्हा तीन दिवस वही लिहा. बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा एवढ्यानेच ५-६ ने उतरू शकतो. काहींचा जास्त उतरतो, काहींचा जवळपास नाही. उतरला नाही तर आधी पुड्यावरची तारीख बघा.

पायरी ५: ताटात काय वाढवायचं

कमी करण्याचं झालं, आता भर घालायची. भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, मलई काढलेलं दूध-दही, भरड धान्य. यातून पोटॅशियम मिळतं आणि ते शरीरातलं जास्तीचं सोडियम लघवीवाटे काढायला मदत करतं. असं जेवण नीट पाळलं तर बीपी असलेल्यांत वरचा आकडा ११ पर्यंत उतरलेला दिसला आहे. म्हणजे ज्वारीची भाकरी, पालक किंवा चवळीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, वाटीभर बिनमिठाची कोशिंबीर, ताक. वेगळं "डाएट" विकत घ्यायची गरज नाही.

संत्रं रोज खा. आंबिया बहाराचं ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाचं फेब्रुवारी ते एप्रिल, जवळपास अर्धं वर्ष ते आपल्याकडे मिळतं. पण फोडी सोलून खा. गाडीवरच्या रसात काळं मीठ आणि चाट मसाला न विचारता पडतो, आणि चोथा निघून जातो. संत्रा बर्फी फळात मोजू नका.

लवकीची भाजी उत्तम. रसाचं मला कौतुक नाही, आणि एक धोका आहे: कडू निघालेल्या लवकीचा रस विषारी असू शकतो, त्याने उलट्या आणि रक्तस्राव होऊन माणसं दगावली आहेत. घोट कडू लागला की फेका. लसूण खा, आनंदाने खा, पण गोळीच्या बदल्यात नाही.

इशारा: किडनीचा आजार असेल तर फळं, नारळपाणी, पालक यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणं अशा किडनीला जमत नाही.

पायरी ६: चालणं

मिठाची पायरी बसली की हे सुरू करा, त्याआधी नको. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करणारे बहुधा दोन्ही सोडतात. आकडा १८०/११० च्या वर असेल तर डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत व्यायाम नाही.

आठवड्यात १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून, आणि दिवसात तीन तुकडे केले तरी चालतं. वेग असा की सोबतच्याशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. अंबाझरीला रमतगमत गप्पा मारत केलेली चक्कर छान असते, फक्त ती यात मोजू नका. आणि चक्कर संपल्यावर टपरीवर पोहे, समोसा, गोड चहा झाला तर वही त्याची साक्ष देईलच. सेमिनरी हिल्सचा चढ पहिल्या महिन्यात टाळा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे जातो, तेव्हा सकाळी सहा-साडेसहाच्या आत आटपा, नाहीतर घरातल्या घरात, गच्चीखालच्या सावलीत चाला. दोन दिवस हलक्या वजनांचा व्यायाम असू द्या, पण जोर लावताना श्वास रोखू नका. रोखलेल्या श्वासात बीपी उसळतं.

दोन-तीन महिने नियमाने चाललं की वरचा आकडा ५ ते ८ ने उतरू शकतो. वजन जास्त असेल तर प्रत्येक किलोमागे साधारण एक अंक अजून. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत आणायचा. काट्यापेक्षा टेप खरं बोलतो.

थांबा: चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त दम. यातलं काहीही झालं तर "गॅस असेल" म्हणून पुढे चालू नका.

पायरी ७: खर्रा, दारू, झोप

खर्ऱ्याबद्दल नागपुरात कोणी डॉक्टरांना सांगत नाही. "सिगारेट पिता का?" विचारलं की "नाही" म्हणतात, ते खरंही असतं. पण पन्नीत घोटलेल्या त्या सुपारी-चुन्यात तंबाखू आहे. प्रत्येक पुडीनंतर निकोटिनमुळे नाडी आणि बीपी काही काळ वर जातं. दिवसभर गालात धरणाऱ्याचं दिवसभर वरच. डॉक्टरांना दिवसाला किती पुड्या ते स्पष्ट सांगा. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे. सोडल्यावर पहिले काही आठवडे चिडचिड आणि गोड खाण्याची ओढ होते, वजनावर लक्ष ठेवा.

दारू जितकी कमी तितकं बीपी कमी, "थोडी हृदयाला चांगली" हे ऐकून कोणी सुरू करू नये. वर्षानुवर्षं रोज भरपूर घेणाऱ्याने एका रात्रीत बंद करू नये. थरकाप, भास, फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची.

झोप किमान सात तास. घरचे सांगत असतील की तुम्ही जोरात घोरता आणि मधेच श्वास थांबतो, आणि दिवसा गाडीवरही पेंग येत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. अशा माणसाचं बीपी मीठ आणि गोळी दोन्हींना पुरून उरतं. रोज दहा मिनिटं मिनिटाला सहाच्या गतीने सावकाश श्वास घेतल्याने थोडा फायदा होतो. करा, फक्त तेवढ्यावर अवलंबून राहू नका.

पायरी ८: तीन महिन्यांनी पुन्हा वही, आणि गोळीचा प्रश्न

पुन्हा सात दिवस, त्याच खुर्चीवर, त्याच हातावर. दोन सरासऱ्या शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा. वर दिलेले सगळे अंक बेरीज करून २५ उतरतील असं धरू नका. परिणाम एकमेकांत मिसळतात.

आकडा छान आला की सगळ्यात महाग चूक इथे होते. बीपी उतरलेलं असतं ते गोळी आणि राहणीमान दोन्हींमुळे, आणि माणूस गोळी सोडतो. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर बीपी आधीपेक्षाही वर उसळतं. पायाला सूज येते, खोकला येतो, उभं राहिलं की गरगरतं, अशी तक्रार असेल तर गोळी बदलता येते. ॲम्लोडिपिनने पाय सुजणं, रामिप्रिलने कोरडा खोकला येणं हे नेहमीचं आहे, आणि दोन्हींना पर्याय आहेत. अर्धी करणं, एक दिवसाआड घेणं हे स्वतःच्या मनाने नाही. वही दाखवलीत तर डॉक्टर स्वतः मात्रा कमी करतात, मी तसे कागद पाहिले आहेत.

नागपूरचा उन्हाळा आणि थंडी

उष्णतेत रक्तवाहिन्या सैलावतात, घाम जातो, त्यामुळे मे महिन्यात बऱ्याच जणांचं बीपी उतरतं. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांचं जास्त. उभं राहताना अंधारी आली किंवा आकडा नेहमीपेक्षा बराच खाली राहिला तर बसून-उभं राहून दोन्ही मोजा आणि डॉक्टरांना कळवा. याच्या उलट चूक म्हणजे घरात कूलरसमोर बसून रोज ओआरएस पिणं. जुलाब, उलट्या किंवा उन्हात घाम गाळणारं काम असेल तर ओआरएस योग्य. नाहीतर लिटरभराच्या पुडीत अडीच ग्रॅमच्या वर मीठ असतं आणि सोडियमचा आणखी एक क्षार वेगळा. पन्हं आणि मठ्ठा बिनमिठाचा, तहान पाण्याने भागवा. हृदय किंवा किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल त्यांनी उन्हाळ्याचं माप मार्चमध्येच ठरवून घ्यावं.

डिसेंबर-जानेवारीत गारठा पडला की तेच बीपी पुन्हा चढतं, आणि उन्हाळ्यात कमी केलेली मात्रा थंडीत अपुरी ठरते. म्हणून वर्षातून दोनदा, एप्रिलच्या मध्यात आणि दिवाळी आटोपल्यावर, सात दिवसांची वही पुन्हा लिहा. दिवाळी आटोपल्यावर याचा अर्थ चिवड्याचा डबा संपून किमान आठवडा गेल्यावर.